मनोरुग्ण आणि मैदान



व्यायाम आणि खेळ यांवर आपण पुष्कळ ऐकलेले असते. मनाच्या आजारांवरही अधूनमधून काही कानांवर पडते. पण मन बिघडलेल्या माणसाच्या उपचारात व्यायामाला आणि खेळाला जागा आहे, मनोरुग्णालयाच्या भिंतीआड आणि तुरुंगाच्या गजांआडसुद्धा ती आहे, असे कोणी सांगितले तर आपण जरा साशंक होतो. ज्याचे चित्त ठिकाणावर नाही त्याला लेझीम काय आणि कबड्डी काय, असे आपल्याला वाटते. हा समज आज थोडा तपासून पाहू.

सुरुवात आपल्याच भागापासून करू. पवनी असो, तुमसर असो की लाखांदूरकडचे एखादे लहानसे गाव असो, मन बिघडलेल्या माणसाची वाट बहुधा एकसारखीच असते. पहिले काही महिने घरचे लोक "बाहेरचं लागलं" म्हणून अंगारे-धुपारे करतात, लिंबू-नारळाचा उतारा टाकतात. त्यात दिवस जातात, पैसा जातो आणि आजार मुरत जातो. मग कोणी जाणता माणूस भेटतो आणि रुग्णाला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात, नाहीतर नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात नेले जाते. नागपूरचे हे रुग्णालय १८६४ सालचे. ठाणे, पुण्याचे येरवडा आणि रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांप्रमाणेच ते राज्यातल्या जुन्या सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक आहे. तेथे औषध मिळते, झोप लागू लागते, भास कमी होतात, माणूस माणसात येतो. आणि एक दिवस गोळ्यांची पिशवी हातात घेऊन तो गावी परततो.

खरी अडचण येथून पुढे सुरू होते. गोळ्या चालू असतात, पण माणूस घराच्या कोपऱ्यात बसून असतो. कोणाशी बोलत नाही, बाहेर पडत नाही. आई म्हणते, "काऊन गा, दिवसभर निजूनच रायतोस?" एक शेजारी म्हणतो, "आता बरा झाला ना, मग कामाले काऊन जात नाही?" दुसरा तितक्याच खात्रीने म्हणतो, "त्याले कामाले नको बोलावू बापा, काय करील नेम नाही." एकाच माणसाला एकाच दिवशी आळशीही ठरवले जाते आणि भयंकरही. काही महिन्यांनी कंटाळून गोळ्या सुटतात, आजार उलटतो आणि पुन्हा नागपूरची वाट धरावी लागते. औषध आजाराला आवर घालते, परंतु माणसाला पुन्हा माणसांत उभे करण्याचे काम गोळी एकटी करू शकत नाही. ते काम ज्या थोड्या साधनांनी होते, त्यांत व्यायाम आणि खेळ यांचा क्रम फार वरचा आहे.

याचे कारण समजून घेण्यासाठी आजाराचे स्वरूप थोडे पाहिले पाहिजे. स्किझोफ्रेनिया किंवा छिन्नमनस्कता नावाचा जो गंभीर आजार आहे, त्याची दोन अंगे असतात. एक अंग सर्वांना दिसते. कानांत आवाज येणे, कोणी आपल्यावर टपले आहे असे वाटणे, असंबद्ध बोलणे हे ते अंग. गोळ्यांचा गुण मुख्यतः यावर येतो. दुसरे अंग शांत असते, म्हणून ते आजार वाटतच नाही. उमेद नाहीशी होणे, बोलणे आटणे, आंघोळीचासुद्धा कंटाळा येणे, माणसांपासून दूर जाणे. यावर गोळ्यांचा गुण कमी येतो. शिवाय काही गोळ्यांनी सुस्तीही येते. घरचे लोक ज्याला आळस म्हणतात तो पुष्कळदा आजाराचाच हा दुसरा भाग असतो. मलेरियाच्या माणसाला आपण "थंडी वाजवून घेऊ नकोस" असे बजावत नाही. मग या माणसाला "आळस सोड" असे नुसते म्हणून कसे भागेल? त्याला हाताला धरून उठवावे लागते, आणि व्यायाम हे हाताला धरून उठवणेच आहे.

दुसरे कारण शरीराचे. मनाचा आजार झालेल्या माणसाला शरीर असते, हेच आपण विसरतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, गंभीर मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षे आधी मरण पावतात. यातले बरेच मृत्यू हृदयविकार, मधुमेह, श्वसनाचे रोग अशा शरीराच्या आजारांनी होतात. ओलान्झापिन, क्लोझापिन यांसारखी काही औषधे गुणकारी आहेत, पण त्यांनी भूक वाढते, वजन वाढते, रक्तातली साखर चढते. त्यात बिडी-तंबाखू आणि दिवसभराचे बसणे यांची भर पडते. यावर औषध बंद करणे हा उपाय मुळीच नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध चालू ठेवून रोज चालणे, घाम येईल असे काही करणे आणि जेवणाला शिस्त लावणे, हा उपाय आहे.

आता कोणी शिक्षकबंधू विचारतील की, हे तर्काला पटते, पण त्याला काही प्रमाण आहे काय? आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात १९९९ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पन्नाशी उलटलेले, उदासीनतेच्या आजाराने ग्रासलेले १५६ लोक त्यांनी घेतले आणि त्यांचे तीन गट केले. एका गटाला औषध दिले, दुसऱ्याकडून आठवड्यातून तीन वेळा व्यायाम करवला आणि तिसऱ्याला दोन्ही दिले. औषधाच्या गटाला गुण लवकर आला. पण सोळा आठवड्यांच्या शेवटी तिन्ही गटांची सुधारणा जवळजवळ सारखी निघाली. आपल्या देशात बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने छिन्नमनस्कतेच्या ६१ रुग्णांवर केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सर्वांची औषधे चालूच होती. त्यांच्या जोडीला काहींना योगासने आणि काहींना साधी कसरत चार महिने दिली होती. योगाच्या गटात लक्षणे अधिक उतरली आणि माणसांत मिसळणेही अधिक सुधारले.

या आकड्यांवरून कोणी भलताच अर्थ काढू नये. ड्यूकच्या प्रयोगातील माणसे स्वतःहून आलेली होती, चालतीफिरती होती आणि त्यांचा आजार उदासीनतेचा होता. त्यावरून "सूर्यनमस्कार घाला आणि गोळ्या फेकून द्या" असे कोणी सांगू लागला तर तो रुग्णाचा घात करतो, मग तो मांत्रिक असो की व्यायामशिक्षक. बंगळूरच्या अभ्यासात योग औषधाच्या जोडीला होता, औषधाच्या जागी नव्हता. ही जोडी फोडता कामा नये.

व्यायामाकडे शास्त्राच्या नजरेने पाहण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले ते योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो हे उपकरणांनी मोजून पाहण्यासाठी. आपल्या विदर्भात अमरावतीला अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी १९१४ साली लावलेल्या रोपाचे पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले आणि या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. ज्या मुलखाने कबड्डी बर्लिनपर्यंत नेली, त्या मुलखात ती गावातल्या आजारी माणसाच्या अंगणापर्यंत नेणे अवघड वाटू नये.

आता विषयाच्या दुसऱ्या आणि अधिक बिकट बाजूकडे वळू. काही वेळा आजाराच्या भरात माणसाच्या हातून गुन्हा घडतो. येथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मनोरुग्ण म्हणजे मारकुटा, ही समजूत चुकीची आहे. बहुतेक मनोरुग्ण कोणाला इजा करीत नाहीत. उलट मार, फसवणूक आणि अत्याचार त्यांच्याच वाट्याला अधिक येतात. पण थोड्यांच्या हातून गुन्हा घडतो, आणि कायद्याने त्याचा विचार केलेला आहे. जुन्या दंडसंहितेचे ८४ वे कलम आणि आता १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेचे २२ वे कलम हेच सांगते की, ज्याला मनाच्या विकृतीमुळे आपण काय करतो आहोत किंवा ते वाईट आहे एवढेही त्या क्षणी कळत नव्हते, त्याचे कृत्य गुन्हा ठरत नाही. असा मनुष्य मोकळा सुटतो असे नाही. त्याची रवानगी सुरक्षित देखरेखीत आणि उपचारासाठी होते. जो खटल्यात स्वतःचा बचावच करू शकत नाही, त्याचा खटला तहकूब होतो.

कागदावर हे ठीक आहे. पण तहकूब म्हणजे किती दिवस? आसामातील माचल लालुंग या माणसाची हकीकत देशभर गाजली होती. १९५१ साली त्याला अटक झाली. पुढे तेजपूरच्या मनोरुग्णालयात आणि मग तुरुंगात मिळून तो ५४ वर्षे अडकून पडला आणि २००५ साली सुटला. एवढ्या वर्षांत त्याचा खटला चाललाच नाही. तरुण आत गेला आणि म्हातारा बाहेर आला. अशा ठिकाणी माणसाचे जे होते ते केवळ आजाराने होत नाही, रिकाम्या दिवसांनीही होते. सकाळ आणि संध्याकाळ यांत फरक नाही, सोमवार आणि रविवार यांत फरक नाही, वाट पाहावी असे काही नाही. धडधाकट माणूसही तेथे खचेल, मग आजारी माणसाचे काय?

म्हणून अशा बंदिस्त ठिकाणी मैदानाचे मोल अधिक आहे. इंग्लंडमध्ये ब्रॉडमूर नावाचे, गुन्हा घडलेल्या मनोरुग्णांसाठीचे रुग्णालय १८६३ साली सुरू झाले. तेथे आत क्रिकेटचे मैदान होते, रुग्णांचा संघ होता. त्या संघाला बाहेर जाता येत नसे, म्हणून बाहेरचे संघ आत येऊन त्यांच्याशी सामने खेळत. विचार करा, ज्यांच्या नुसत्या नावाने लोक दचकत, त्यांच्याशी आसपासची माणसे नियमाने खेळत आणि खेळ संपल्यावर आपल्या घरी जात.

खेळ अशा माणसाला काय देतो? पहिली गोष्ट, दिवसाला आकार देतो. चार वाजता मैदान आहे, म्हणून तीन वाजता उठायचे असते. दुसरी गोष्ट, नियम देतो. तुरुंगाचा नियम वरून लादलेला असतो. खेळाचा नियम आपण होऊन पत्करलेला असतो आणि तो पंचालाही बांधतो. ज्याच्या हातून एकदा सर्व मर्यादा सुटल्या, त्याने पंचाने "बाद" म्हणताच निमूट रेषेबाहेर जाणे, ही साधी गोष्ट नव्हे. तिसरी गोष्ट, राग येणे आणि राग आवरणे यांचा सराव देतो. हा सराव व्याख्यानाने होत नाही. राग यावा आणि तो आवरून पुढचा डाव खेळावा, तेव्हाच तो होतो. आणि चौथी गोष्ट, पाहणाऱ्या डॉक्टरला माहिती देतो. कोण कोणाला चेंडू देतो, कोण हरल्यावर बिथरतो, कोण आज एकटा उभा आहे, हे तपासणीच्या खोलीत न कळणारे मैदानावर कळते.

अर्थात तेथे काळजीही तितकीच हवी. बॅट हे खेळाचे साधन आहे तसे मारण्याचेही होऊ शकते. म्हणून कोणाला केव्हा काय हातात द्यायचे हे डॉक्टर, परिचारिका आणि रक्षक यांनी मिळून ठरवावे लागते. खेळाचा वापर शिक्षा म्हणूनही करू नये. "नीट वागला नाहीस, आज मैदान बंद," असे म्हणणे हे "आज औषध बंद" म्हणण्यासारखेच आहे.

आपल्या मराठी मुलखात या विचाराचे एक थोर उदाहरण घडून गेले आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते. आपल्या संस्थानातील शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार रुजवला. याच राजांच्या काळात, १९३९ साली, मॉरिस फ्रिडमन या परदेशातून आलेल्या गृहस्थांच्या प्रेरणेने आटपाडीजवळ, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात, स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची मुक्त वसाहत उभी राहिली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले लोक तेथे भिंतीवाचून, गजांवाचून, शेती करीत राहू लागले. व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचलेला. हे कैदी मनोरुग्ण नव्हते, हे खरे. पण मोकळी हवा, अंगमेहनत आणि टाकलेला विश्वास यांनी बंदिस्त माणूस बदलू शकतो, एवढे तरी त्या माळरानाने दाखवून दिले.

अंगमेहनतीबद्दल एक सावधगिरीची सूचनाही येथेच दिली पाहिजे. मनोरुग्णालयात काम हा उपचार आहे असे म्हणता म्हणता रुग्णांकडून फुकट राबवून घेण्याचे प्रकार जगभर झाले. म्हणून आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने स्पष्ट सांगितले आहे की, आरोग्यसंस्थेत कोणावर कामाची सक्ती करता येणार नाही आणि कोणी काम केले तर त्याला योग्य मोबदला मिळाला पाहिजे. याच कायद्याने रुग्णाला विरंगुळ्याच्या आणि करमणुकीच्या वाजवी सोयींचा हक्क दिला आहे. कोणालाही साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. कैद्यांसाठी प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक उपचारांची सोय असली पाहिजे, असेही म्हटले आहे. साखळीची मनाई उगाच आलेली नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली आणि २८ मनोरुग्ण मरण पावले. त्यांच्यातले बहुतेक साखळीने बांधलेले होते, त्यांना पळता आले नाही. ज्या समाजात आजारी माणसाचे पाय बांधले जात होते, तेथे त्याला धावायला लावणे ही किती लांबची मजल आहे, ते यावरून ध्यानात येईल.

ही मजल मारलेली माणसे आपल्यात आहेत. पुण्याला डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. त्याची सुरुवात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्याच आवारात झाली आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांचा त्याला हातभार लागला. औषधोपचार आणि समुपदेशन यांच्या बरोबरीने व्यायाम, योग आणि श्रम यांना तेथे स्थान आहे. या मुक्तांगणात एकेकाळी राहुल जाधव नावाचे गृहस्थ आले. मुंबईच्या गुन्हेगारी जगात वावरलेले आणि व्यसनात पार बुडालेले. आपली कथा त्यांनी स्वतःच जगापुढे मांडली आहे आणि तिच्यावर पुस्तकही निघाले आहे. उपचारानंतर ते तेथेच इतरांना आधार देऊ लागले आणि धावू लागले. धावता धावता लांब पल्ल्याचे धावपटू झाले, आणि २०१९ साली मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून दिल्लीच्या इंडिया गेटपर्यंत धावत गेले. धावण्यानेच ते सुधारले असे मी म्हणणार नाही. उपचार होता, माणसांचा आधार होता, आणि मग धावणे होते. पण पूर्वी ज्या पायांनी ते लोकांपासून पळत होते, त्याच पायांनी ते लोकांकडे जाऊ लागले, हे मात्र धावण्याने झाले.

येरवडा कारागृहातील बंदिवानांच्या बुद्धिबळ संघाने २०२३ साली कैद्यांच्या आंतरराष्ट्रीय ऑनलाइन स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, तेही सांगण्यासारखे आहे. बुद्धिबळात घाम गळत नाही, हे मान्य. पण खेळी करण्याआधी थांबून विचार करायचा, हा धडा ज्यांना सर्वांत जास्त हवा होता त्यांनीच तो गिरवला.

आता गावाकडे परत येऊ. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आमच्याकडे कशाचे मैदान आणि कशाचा व्यायाम? रोवणीच्या दिवसांत चिखलात उभे राहून कंबर मोडते, तो काय कमी व्यायाम आहे?" प्रश्न रास्त आहे. पण जो माणूस आजारातून उठला आहे, त्याला रोवणीला बोलावतो कोण? बांधीवर सगळे गाव असते आणि तो घरी असतो. त्याला मजुरीही नाही, खेळही नाही. म्हणून पहिली गोष्ट ही की, शक्य तेथे त्याला कामात सोबत घ्यावे. सुरुवातीला अर्धा दिवस, सोपे काम, आणि केलेल्या कामाची रीतसर मजुरी. काम आणि खेळ यांत एक भेद मात्र लक्षात ठेवा. काम चुकले की नुकसान होते, म्हणून माणूस धास्तावतो. खेळात चुकले तर लोक हसतात, आपणही हसतो आणि पुन्हा खेळतो. चुकण्याची ही मुभा आजारी मनाला फार हवी असते.

क्रम कसा असावा? आधी चालणे. सकाळी उजेड पडल्यावर, घरच्या कोणाबरोबर तरी, तलावाच्या पाळीपर्यंत आणि परत. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे पुरेत. रोज वेळ तीच ठेवावी. सकाळचा उजेड आणि ठरलेली वेळ यांनी रात्रीची झोप रुळावर येते आणि झोप सुधारली की पुष्कळ काही सुधारते. हळूहळू वाढवत आठवड्याला दीडशे मिनिटांपर्यंत जावे; मोठ्या माणसांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले किमान प्रमाण तेवढेच आहे. चालणे अंगवळणी पडले की ताला-ठेक्याचा व्यायाम घ्यावा, म्हणजे लेझीम, कवायत, सूर्यनमस्कार. ज्याचे चित्त आतल्या आवाजांकडे ओढ घेते त्याला बाहेरचा ठेका हा एक खुंटा मिळतो. त्यानंतर दोघांचा खेळ, रिंग किंवा चेंडूची झेल. आणि सर्वांत शेवटी संघाचा खेळ. कबड्डीत अंगाला अंग भिडते, पाय धरले जातात. ज्याला मनात संशयाची बाधा आहे त्याला ते आरंभी सोसणार नाही. म्हणून घाई करू नये.

काही पथ्ये सांगतो, ती कृपा करून ध्यानात ठेवावी. व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे, विशेषतः वय चाळिशीपुढे असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर. मनोविकारावरील काही औषधांनी शरीराला उन्हाचा ताप सहन होत नाही. आपल्याकडचा एप्रिल-मे तुम्हाला ठाऊकच आहे, तेव्हा त्या दिवसांत व्यायाम सूर्य चढण्यापूर्वीच आटपावा. लिथियमची गोळी चालू असेल तर अधिक जपावे. घाम फार गेला आणि पाणी कमी पडले तर रक्तात त्या औषधाचे प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते. आजार उसळलेला असेल, झोप नसेल, बडबड आणि हालचाल अति वाढली असेल, तेव्हा व्यायाम वाढवू नये. रुग्णाला डॉक्टरांकडे न्यावे. जबरदस्ती तर कधीच करू नये. "आज नाही" म्हणाला तर आज नाही. उद्या पुन्हा विचारावे. हे उद्या पुन्हा विचारणेच महत्त्वाचे आहे.

बायाबापड्यांना यातून वगळू नका, हेही सांगणे आहे. आजारी पुरुष निदान चावडीपर्यंत तरी जातो. आजारी सून किंवा मुलगी मात्र चार भिंतींतच राहते. तिच्यासाठी शेजारच्या दोघीजणींनी मिळून सकाळी चालायला निघणे, फुगडी, झिम्मा यांसारख्या आपल्या खेळांत तिला हाताला धरून आणणे, हा उपचारच आहे. त्याला पैसा लागत नाही, चार बायांचे मन लागते.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना दोन शब्द. गावात मोकळे मैदान बहुधा एकच असते, आणि ते शाळेचे असते. शाळा सुटल्यावर त्या मैदानावर कोणाला उभे राहू द्यायचे, हे पुष्कळदा तुमच्या शब्दावर ठरते. व्हॉलीबॉलच्या जाळ्याशी गावातला तो माणूस येऊन नुसता उभा राहिला, तर त्याला हाकलू नका आणि एकदम खेळातही ओढू नका. चेंडू बाहेर गेला तर आणून द्यायला सांगा, गुण मोजायला सांगा. काही दिवसांनी तो स्वतःच रेषेच्या आत येईल. दुसरी गोष्ट वर्गातली. अशा घरचे मूल तुमच्या वर्गात असते आणि इतर मुले त्याला "पागलचा पोरगा" म्हणून चिडवतात. ते मूल हळूहळू खेळाच्या तासाला मागे राहू लागते. त्याला मागे राहू देऊ नका. बापाचा आजार मुलाच्या मैदानापर्यंत पोचू न देणे तुमच्या हाती आहे.

कोठे सल्ला हवा असेल तर जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली विचारणा करता येते. शिवाय ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही सरकारी दूरध्वनीसेवा सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. तो पाटीवर लिहून ठेवावा असा आहे.

श्रोतेहो, सुगी आटोपली, धान घरात आले की आपल्या गावोगाव कबड्डीचे सामने रंगतात. रात्र रात्र आपण ते पाहतो. त्या खेळाचा एक नियम शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. बाद झालेला गडी कायमचा बाद नसतो. आपल्या बाजूच्या कोणी समोरचा गडी टिपला की तो पुन्हा आत येतो. पण तो स्वतःच्या बळावर आत येऊ शकत नाही. त्याला आत आणण्यासाठी संघातल्या दुसऱ्या कोणाला तरी दम धरून पलीकडे जावे लागते. नागपूरहून औषध घेऊन परतलेला तुमच्या गावचा माणूस रेषेबाहेर बसलेला आहे. डॉक्टरांनी त्यांचा डाव खेळला आहे. यापुढची चढाई आपल्याकडे आहे.